नाक दाबलं की तोंड उघडतं! (पळताना श्वास नेमका कुठून घ्यायचा?)

गोदाकाठचा पळपुट्या | १७ नोव्हेंबर, रात्री ९:४०

मंडळी, वय ४६, वजन ८१, नोकरी सातपूरला, दिवसभर खुर्चीत. दीड वर्षापासून पळतोय. जानेवारीत पहिली हाफ मॅरेथॉन करायची म्हणून दिवाळीनंतर गंगापूर रोडच्या एका ग्रुपमध्ये घुसलो. तिथले जे शिकवणारे दादा आहेत त्यांचा एकच हेका: तोंड उघडलं की संपलं. सराव असो, स्पर्धा असो, चढ असो, श्वास आत नाकाने आणि बाहेरही नाकानेच. ग्रुपमधले दोघं तर तोंडाला चिकटपट्टी लावून पळतात. पहाटे सव्वापाचला सोमेश्वरच्या रस्त्यावर ते समोरून आले की कुत्रीसुद्धा भुंकायचं विसरतात.

मी एरवी किलोमीटरला पावणेसात मिनिटांनी आठ-दहा किमी जातो. तोंड मिटून पळायला लागलो तर आठ मिनिटं पन्नास सेकंद. परवा रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या नाकाने चढायला घेतल्या, निम्म्यावर डोळ्यांपुढे काजवे चमकले. लेणी बघायला आलेल्या एक आजी म्हणाल्या, "बाळा, बस जरा, घाई कसली?" सेहेचाळिसाव्या वर्षी बाळ झालो, तेवढाच आनंद.

विचारायचं हे की याचा खरंच काही उपयोग आहे का? आणि माझी डावी नाकपुडी कायम अर्धी बंद असते, मग मी काय करायचं?

तर्रीबाज | १७ नोव्हेंबर, रात्री ९:५२

"नाकी नऊ येणे" याचा अर्थ इतकी वर्षं नुसता पाठ केला होता. आज उदाहरणासकट कळला.

पट्टीवाल्यांना पळून झाल्यावर मिसळ कशी भरवतात तेवढं सांगा.

ब्रेक फेल | १७ नोव्हेंबर, रात्री १०:२०

सायकलवाला आहे, पळण्यातलं फार कळत नाही. पण हा प्रयोग मी दोन वर्षं केलाय.

नाशिकहून त्र्यंबकला जाताना रस्ता वरवर सपाट वाटतो, पण अंजनेरीपर्यंत हळूहळू चढतच असतो. पूर्वी मी तिथे उगाच जोर लावायचो आणि त्र्यंबकला पोचेपर्यंत पायांचे गोळे. मग ठरवलं, जाताना तोंड बंद. तोंड उघडावंसं वाटलं की गिअर खाली. महिनाभर लाज वाटली, पोरं टाटा करून पुढे जायची. पण नंतर परतीच्या प्रवासात माझ्यात जीव शिल्लक असायचा आणि टाटा मी करायचो.

उलट नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट. तिथे तोंड मिटून चढून दाखवणारा अजून मला भेटलेला नाही. मी तर तिथे तोंड, नाक आणि जमलं असतं तर कानांनीही श्वास घेतला असता. थोडक्यात माझ्यासाठी नाक म्हणजे ट्रकला बसवतात तो स्पीड गव्हर्नर. इंजीन नव्हे.

आणि आपल्या नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ ला दोघांच्या टीममध्ये रेस ॲक्रॉस अमेरिका पूर्ण केली, अमेरिकेच्या या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत, साधारण ४८०० किमी. एवढ्या अंतरात माणूस सगळ्या वाटांनी श्वास घेत असणार, माझा आपला अंदाज.

आकडेमोड्या | १७ नोव्हेंबर, रात्री ११:०५

झोप येत नव्हती, धागा बरा सापडला.

शांत बसलेला माणूस मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा आत-बाहेर करतो. सावकाश पळताना ४०-५० लिटर. जीव खाऊन पळताना १०० च्या वर, तेही साध्या हौशी माणसाचं. आता नाक: एकूण श्वसनमार्गाला जो अडथळा असतो, त्यातला निम्मा किंवा थोडा जास्तच एकट्या नाकात असतो. त्यामुळे व्यायाम वाढत गेला की एका ठिकाणी माणूस नकळत तोंड उघडतो. १९८० साली हे मोजलं होतं, सरासरी मिनिटाला ३५ लिटरच्या आसपास ही अदलाबदल झाली. माणसागणिक फरक पडतो आणि सवयीने तो आकडा वर सरकतो. पण १०० लिटरचं पाणी अर्ध्या इंची नळीतून नेता येत नाही, हे साताठ मजली इमारतीत राहणारा कोणीही सांगेल.

मग फायदा कुठे? श्वास संथ आणि खोल होतो, तिथे. घशापासून फुप्फुसाच्या फांद्यांपर्यंतच्या नळ्यांत साधारण १५० मिली हवा नुसती ये-जा करते, तिचा रक्ताशी संबंधच येत नाही. मिनिटाला दीड-दीड लिटरचे ३० श्वास घेतले तर साडेचार लिटर हवा वाया. तीच ४५ लिटर हवा २२ श्वासांत घेतली तर सव्वातीनच लिटर वाया. बचत आहे, पण चमत्कार नाही.

२०१८ मध्ये कोलोरॅडोत जॉर्ज डॅलम आणि सहकाऱ्यांनी १० हौशी धावपटू तपासले. सहा महिने नाकानेच पळायची सवय केलेले लोक होते. त्यांची कमाल ऑक्सिजन क्षमता नाकाने आणि तोंडाने जवळपास सारखीच आली, आणि नाकाने श्वासांची संख्या कमी होती. तुमचे दादा बहुधा याच अभ्यासाचा दाखला देत असतील. पण लोक फक्त दहा, आधीपासून याच मताचे, आणि तुलनेला सवय नसलेला दुसरा गट नाही. यावरून "स्पर्धेतही तोंड बंद" एवढी उडी मारता येत नाही.

पंचवटीची सुलभा | १८ नोव्हेंबर, सकाळी ६:१५

बावीस वर्षं योग शिकवते आहे. आकडेमोड्या, आकडे सुरेख मांडलेत, पण एक सुटलं. नाकाने श्वास घेतल्यावर शरीराला ऑक्सिजन जास्त मिळतो. आपल्याकडे उगाच नाकाला प्राणाचं द्वार म्हटलेलं नाही.

आकडेमोड्या | १८ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

सुलभाताई, नमस्कार. हे वाक्य सगळीकडे फिरतं म्हणून जरा हट्टाने सांगतो. कोविडमध्ये घराघरांत आलेला तो चिमटा बोटाला लावा. निरोगी माणसाचा आकडा बसल्या जागी ९६-९८ येतो, तोंडाने श्वास घेतला तरी. पेला जवळपास काठोकाठ भरलेला आहे, आणखी ओतणार कुठे?

पळताना जो जीव कासावीस होतो तो ऑक्सिजन संपला म्हणून नव्हे, कार्बन डायऑक्साइड वाढला म्हणून. नाकाने पळताना तो थोडा जास्त साठतो आणि काही आठवड्यांत मेंदू त्याला सरावतो. पहिले दिवस जड जातात आणि मग सोपं वाटू लागतं त्याचं हे एक कारण. शिवाय कार्बन डायऑक्साइड वाढला की रक्त आपला ऑक्सिजन पेशींना जास्त सहज सोडतं, हे ख्रिश्चन बोर यांनी १९०४ मध्येच दाखवलं. पण कष्ट करणाऱ्या स्नायूंत तो आधीच भरपूर असतो. त्यासाठी तोंडाला कुलूप लावायची गरज नाही.

तर्रीबाज | १८ नोव्हेंबर, सकाळी ८:४१

लासलगाव जवळ असल्याचा परिणाम. दोन्ही बाजूंनी नाकाने कांदे सोलणं सुरू झालंय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पंचवटीची सुलभा | १८ नोव्हेंबर, दुपारी १:१०

तर्रीबाज, सोलतेच आहे तर नीट सोलते.

ऑक्सिजनचं मान्य, वाक्य सैल होतं, मागे घेते. पण नाक म्हणजे नुसती नळी नाही हे तुम्हीही मान्य करा. नाकाशेजारच्या हाडांतल्या पोकळ्यांत नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो आणि नाकाने घेतलेल्या श्वासाबरोबर तो फुप्फुसात उतरतो, तिथल्या रक्तवाहिन्या सैलावतो. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या लोकांनी १९९५ च्या सुमारास हे शोधलं. त्यांनीच २००२ मध्ये दाखवलं की तोंड मिटून गुणगुणलं की नाकातून बाहेर येणारा हा वायू नुसत्या उच्छ्वासाच्या १५ पट होतो. आमच्या वर्गात भ्रामरी करताना हसणाऱ्या पोरांना मी हे सांगते, मग हसत नाहीत.

पळपुट्या, तुमच्या डाव्या नाकपुडीबद्दल. दोन्ही नाकपुड्या एकाच वेळी सारख्या मोकळ्या क्वचितच असतात. काही तासांनी पाळी बदलते. स्वरशास्त्रात चंद्रस्वर-सूर्यस्वर म्हणतात तेच, आणि जर्मनीत कायझर नावाच्या डॉक्टरांनी १८९५ मध्ये याची शास्त्रीय नोंद केली. पण तुमची *कायम* डावीच बंद असेल तर तो स्वर नव्हे, नाकाच्या डॉक्टरांकडे जा.

आणि माझं स्वतःचं मत: प्राणायाम आसनावर बसून करायचा असतो. पळताना श्वास कोंडून त्याला प्राणायाम म्हणणं मला पटत नाही. पट्टीचं ऐकून तर अंगावर काटा आला.

आकडेमोड्या | १८ नोव्हेंबर, दुपारी १:२२

गुणगुणण्याचं माहीत नव्हतं. _/\_

नाकासमोर | १८ नोव्हेंबर, रात्री १०:३०

ताईंनी बोलावलंच आहे. मी कान-नाक-घसा वाला. दवाखाना कुठे आहे विचारू नका, जाहिरात समजून संपादक हाकलतील.

पळपुट्याभाऊ, घरच्या घरी एक करून बघा. डाव्या गालावर, नाकाच्या शेजारी दोन बोटं ठेवा आणि गाल हळूच कानाकडे ओढा. श्वास एकदम मोकळा झाला तर अडथळा नाकाच्या पुढच्या, सगळ्यात अरुंद भागात आहे. अशा लोकांना नाकावर बाहेरून लावायची ती स्प्रिंगची पट्टी बरी वाटते. (बरी *वाटते*. निरोगी नाकाच्या माणसाची कमाल क्षमता तिने वाढल्याचा भरवशाचा पुरावा नाही, टीव्हीवर कितीही टेनिसपटू लावोत.) गाल ओढून काहीच फरक पडला नाही तर मधला पडदा वाकडा असेल, किंवा ॲलर्जीने आतलं मांस सुजलेलं असेल. हे बघितल्याशिवाय सांगता येत नाही. थोडा वाकडा पडदा बहुतेकांचा असतो, लगेच ऑपरेशन डोक्यात घेऊ नका.

दुसरं, पळायला सुरुवात केल्यावर दहा मिनिटांत नाक आपोआप मोकळं होतं, लक्षात आलंय का? व्यायामात नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात, सूज उतरते. म्हणून पहिल्या किलोमीटरवरून नाकाची परीक्षा करायची नाही. आधी दहा मिनिटं चाला.

तिसरं महत्त्वाचं, आणि याचसाठी लिहायला बसलो. नाक मोकळं करायचे जे थेंब औषधाच्या दुकानात मागितले की मिळतात, ते पळण्याआधी रोज घालू नका. सर्दीत चार-पाच दिवस ठीक. त्यापुढे गेलात की थेंबांचा असर उतरला की नाक आधीपेक्षा जास्त बंद होतं, मग पुन्हा थेंब. दोन-दोन वर्षं खिशात बाटली घेऊन फिरणारे पेशंट बघितलेत. त्यातले एक तर मॅरेथॉनवालेच होते.

झोपताना तोंडाला पट्टी लावायचं फॅडही आलंय. जे घोरतात, झोपेत ज्यांचा श्वास अडकतो, नाक चोंदलेलं असतं, त्यांनी हा खेळ अजिबात करू नये.

इनहेलरवाली | १९ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

माझ्यासारख्यांसाठी मात्र पळताना नाकाने श्वास घेणं हे फॅड नाही, म्हणून लिहिते. लहानपणापासून दमा. पळून थांबले की पाच-दहा मिनिटांनी छाती आवळायची आणि शिट्ट्या वाजायच्या. कोरडी, गार हवा तोंडावाटे थेट खाली गेली की नळ्या आकसतात. नाक ती हवा आधी गरम आणि ओली करून पाठवतं. दमा असलेल्या तरुणांवर १९७८ मध्ये एक प्रयोग झाला होता, व्यायाम करताना नाकानेच श्वास घ्यायला लावल्यावर नंतरचं आकसणं जवळजवळ थांबलं. माझ्या डॉक्टरांनीच मला ते सांगितलं होतं.

मी थंडीत सगळा वॉर्म-अप नाकाने करते, तोंडावर ओढणी. पण पळण्याआधीचे इनहेलरचे दोन पफ मी कधीही सोडले नाहीत. "नाकाने पळ, इनहेलर सुटेल" असं मला एका शिबिरात सांगितलं होतं. त्या दिवशी ऐकलं असतं तर आज हे टाइप करायला असते की नाही कोणास ठाऊक.

नाकासमोर | १९ नोव्हेंबर, सकाळी ९:०५

वरच्या प्रतिसादाला माझ्याकडून दहा टाळ्या.

द्राक्षबाग | १९ नोव्हेंबर, रात्री ८:१५

निफाडकडून राम राम. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे पारा कुठं जातो ते पेपरात वाचताच तुम्ही. पहाटे बागेत शेकोट्या पेटवायला पळापळ करताना तोंड उघडं राहिलं की दोन दिवस घसा बसलेला. म्हातारे सांगायचे, गारठ्यात तोंड मिटून काम करा. त्यामागं असं काही असेल असं वाटलं नव्हतं.

एक सांगा डॉक्टर, नाक गाळणी आहे म्हणतात, मग फवारणीचं आणि धुराचं काय? सिंहस्थाच्या कामांनी शहरात आलो की धूळच धूळ.

नाकासमोर | १९ नोव्हेंबर, रात्री ९:३०

दादा, नाक जाड धूळ अडवतं, परागकण अडवतं. धुराचे बारीक कण बऱ्यापैकी खाली निसटतात आणि फवारणीच्या औषधाला तर नाक अडवूच शकत नाही. तिथे मास्कच, आणि तोही औषधाच्या वाफेसाठीचा, कापडी नव्हे. पळणाऱ्यांनी खोदकामाचा रस्ता सोडून दुसरा धरावा, नाकावर सगळा भार टाकू नये.

परागकणांवरून आठवलं. रस्त्याकडेचं ते गाजरगवत, काँग्रेस. १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलं, आता कुठे नाही ते विचारा. पावसाळा संपता संपता त्याच्या कडेने पळणारे निम्मे लोक शिंकत माझ्याकडे येतात. डावी नाकपुडी, ऐकताय ना?

गोल्फक्लबची काकू | २० नोव्हेंबर, सकाळी ७:३०

तुम्ही सगळे हुशार. मी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर चालते फक्त, रोज सहा फेऱ्या. थंडी पडली की चालताना नाकातून नुसती धार. सर्दी नसते. रुमाल सांभाळू की मोबाइल?

नाकासमोर | २० नोव्हेंबर, दुपारी २:००

काकू, गार हवा ओली करायला नाक जास्त पाणी सोडतं, ते सांडतं. आजार नाही. दोन रुमाल घ्या आणि मोबाइल घरी ठेवा.

तर्रीबाज | २० नोव्हेंबर, दुपारी २:०४

फी न घेता दिलेला सर्वोत्तम सल्ला.

गोदाकाठचा पळपुट्या | २२ डिसेंबर, रात्री ९:१५

गायब झालो नव्हतो, प्रयोग करत होतो. पाच आठवड्यांचा हिशोब.

आठवड्यातले तीन सावकाश पळायचे दिवस पूर्ण नाकाने. पहिले दोन आठवडे वैताग. आठ-पन्नासचा पेस, मध्ये मध्ये चालणं, आणि शेंबडाची जी व्यवस्था करावी लागते तिचं वर्णन इथे करत नाही. तिसऱ्या आठवड्यात एकदा आनंदवलीपर्यंत पोचलो आणि लक्षात आलं की तोंड मिटलेलंय हे मी विसरूनच गेलो होतो. आता तेच अंतर आठ-दहाच्या पेसने जातं. घड्याळ सांगतं, पूर्वी मी ज्याला "सावकाश" म्हणायचो त्यात माझे ठोके १६० च्या पुढे असायचे, नाकाने १४० च्या आसपास राहतात. म्हणजे दीड वर्ष मी सावकाश पळतच नव्हतो! रोज अर्धवट जोरात, आणि रोज अर्धवट दमलेला. ब्रेक फेल, तुमचा गव्हर्नर पटला.

गुरुवारी मात्र छोट्या छोट्या जोरातल्या फेऱ्या, त्या तोंड उघडून. दादांनी बघितलं. म्हणाले, "शिस्त नाही." मी आकडेमोड्यांची अर्ध्या इंची नळी त्यांना सांगितली. ते म्हणाले, "इंटरनेटवरचं वाचून पळू नये." आता मी ग्रुपच्या शेवटी पळतो, तोंड कोणाला दिसत नाही.

डावी नाकपुडी: गाल ओढून काही फरक नाही. डॉक्टरांना दाखवलं (नाकासमोर नव्हे, कोण आहेत ते कळलंच नाही). ॲलर्जी निघाली, फवारा दिलाय, खूप फरक आहे. जलनेतीही (मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुणं) करा म्हणाले. सुलभाताई, प्रमाण काय?

पंचवटीची सुलभा | २३ डिसेंबर, सकाळी ६:२०

अर्धा लिटर पाण्याला सपाट एक चमचा, म्हणजे साडेचार ग्रॅमच्या आसपास साधं मीठ. मीठ कमी-जास्त झालं की नाकात झोंबतं. पाणी *उकळून कोमट केलेलंच*, नळाचं थेट नको आणि भक्तिभावाने गोदावरीचं तर मुळीच नको. पाण्यातला एक अमिबा नाकावाटे मेंदूत शिरू शकतो, क्वचितच होतं पण झालं तर माणूस वाचणं फार कठीण. नेती झाल्यावर पुढे वाकून नाक पूर्ण कोरडं करा, मगच पळायला जा. पहिल्यांदा कोणासमोर तरी शिका.

आकडेमोड्या | २३ डिसेंबर, सकाळी ९:००

१६० वरून १४०, हाच खरा फायदा. तोंड मिटून पळता येतं तोवर तुम्ही बोलतही पळू शकता, साधारण तोच वेग. ज्यांच्याकडे ठोके मोजणारं घड्याळ नाही त्यांना हे फुकटचं घड्याळ. पण स्पर्धेच्या दिवशी ते घरी ठेवून या.

पटत नसेल तर १०००० मीटरच्या शेवटच्या लॅपचा कुठलाही व्हिडिओ लावा आणि किती जणांचं तोंड मिटलेलं आहे ते मोजा. आपल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० ला याच अंतरात दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ब्राँझ आणि ग्वांगझूच्या एशियाडला रौप्य आणलं. त्या वेगाला मिनिटाला शंभराच्या वर लिटर लागतात, ते येतील कुठून?

गोदाकाठचा पळपुट्या | १९ जानेवारी, संध्याकाळी ७:४५

झाली हाफ! २ तास ३१ मिनिटं.

पहिले सहा किलोमीटर मुद्दाम नाकाने, म्हणजे गर्दीबरोबर वाहून जायला नको. गार हवेत घसाही शाबूत राहिला. मग नाक-तोंड दोन्ही. चौदाव्यानंतर एक चढ आला तिथे जबडा जो उघडला तो थेट फिनिशला मिटला, फोटोत माझ्या दाढा मोजता येतात. सतराव्याला पट्टीवाल्या दोघांपैकी एक भेटला. पट्टी एका बाजूने सुटून गालावर फडफडत होती. आम्ही दोघंही काही बोललो नाही, बोलण्याइतका श्वास कोणाकडेच नव्हता.

दादा फिनिशला उभे होते. फोटो बघून म्हणाले, "चौदापर्यंत तरी ठेवलंत का मिटून?" मी हो म्हणालो. सहाच्या जागी चौदा. माफ करा.

गोल्फक्लबची काकू | १९ जानेवारी, रात्री ८:१०

अभिनंदन रे बाळा. मला एवढंच सांगा, नेतीचा तो नळीवाला लोटा भांडी बाजारात मिळेल का, की ऑनलाइनच?

पंचवटीची सुलभा | १९ जानेवारी, रात्री ८:२५

भांडी बाजारात विचारा, नाहीतर मी वर्गासाठी मागवते तेव्हा एक जास्तीचा सांगते. तांब्याचा नको, मिठाने हिरवा पडतो. स्टीलचा घ्या.

तर्रीबाज | १९ जानेवारी, रात्री ८:३१

रविवारी सकाळी मिसळ, पळपुट्याकडून. पट्टीवाल्यांनाही आणा.